जुन्या कॅसेटची दाद

चाल चोरल्याचा दावा कोर्टात गेला आणि दोन्ही गाणी तपासायला गाण्याच्या बाईंकडे आली. बाईंची रीत ठरलेली: आधी जुनं ऐकायचं, मग नवं, मग पुन्हा जुनं.

जुनी कॅसेट कधीच वारलेल्या संगीतकाराची होती. पेटीवर मुखडा, पुढे नुसती खरखर.

नव्या पोराने मुखडा सरळ उचलला होता. पण अंतरा असा बांधला होता की बाईंच्या तोंडून "क्या बात है!" निघून गेलं.

मग त्यांनी कॅसेट पुन्हा लावली. मुखडा संपला, पण खरखर आली नाही. पेटी त्या पोराचा अंतरा चाचपडत वाजवू लागली आणि एका सुरावर अडली.

"पठ्ठ्याने कमाल केलीय," कॅसेटमधला म्हातारा हसला. "बाई, तेवढी जागा परत ऐकवता?"