लक्षात राहत नाही

गॅरेजसमोर उभ्या छोट्या गाडीच्या टपावर वर्नर सायकलींचे स्टँड बसवत होता आणि त्याची बायको लीव्हे खालून पाना देत होती. एरवी एकच स्टँड लागायचा. आज दोन होते.

"दुसरी सायकल योरिसची," वर्नरने मित्राचे नाव सांगितले. "आर्डेनच्या डोंगरातले चढ एकट्याने चढायचा कंटाळा येतो."

सायकली वर चढल्या, पट्टे आवळले गेले. मग वर्नरने नेहमीप्रमाणे कचऱ्याचा मोठा डबा ओढून गॅरेजच्या दारात आडवा ठेवला. लीव्हे एकदा टपावरची सायकल विसरून थेट गॅरेजात शिरली होती. तेव्हापासून हा डबा, आणि तेव्हापासूनच ते टोमणे. कॅफेत, तिच्या आईसमोर, कुठेही.

"डोक्यावर काय आहे तेच विसरतात आमच्या बाईसाहेब," तो कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला म्हणाला. शेजारी खो खो हसला.

लीव्हे टपाकडे बघत होती. योरिस म्हणजे दारातून वाकून आत येणारा माणूस. या सायकलची सीट तर वर्नरच्या सीटपेक्षा वीतभर खाली होती.

"ही योरिसची?"

"किती वेळा सांगू? तुझ्या लक्षात राहत नाही, त्याला मी काय करू?" म्हणत तो बाटल्या भरायला आत गेला.

लीव्हेने डबा बाजूला ओढला, गाडीत बसली, किल्ली फिरवली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

आवाज ऐकून वर्नर धावत आला. लीव्हेने काच खाली केली.

"विसरले बघ. तिलाही सांग, माझ्या लक्षात राहत नाही."