खिळ्याची बाजू

"बाई, तुमच्या गाईंनी कुंपण मोडून पलीकडची टिटव्यांची नऊ घरटी तुडवली. उद्यापासून चराई बंद," अभयारण्याचे साहेब म्हणाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. गवत माजतं म्हणून माझ्या गाई यांनीच बोलावल्या होत्या. मी साहेबांना तडक कुंपणापाशी नेलं. खांब ताठ उभे होते, तार मात्र जमिनीवर लोळत होती. "तार गाईंच्या बाजूने ठोकायची असते, साहेब. गाय रेलली की ती खांबावरच दाबली जाते. तुम्ही पलीकडून ठोकलीत, म्हणून खिळे उपटून आले. तेव्हाच मी कानीकपाळी ओरडत होते." "पाहुण्यांना पलीकडच्या वाटेवरून कुंपण नेटकं दिसायला हवं, असा वरून हुकूम होता," ते पुटपुटले. मी गवतातला खिळा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्याला अंड्याचं कवच चिकटलं होतं. "हा वर पाठवा. आधी पुसा. नेटका दिसायला हवा."