सहावं कार्ड

नवा गेम कोणत्या ग्राफिक्स कार्डावर किती पळतो, याचा तक्ता मासिकाला पाचच्या आत हवा होता. परीक्षक सकाळपासून कॉम्प्युटरचं पोट उघडून बसला होता. एक कार्ड काढायचं, दुसरं बसवायचं, आकडे लिहायचे. गेममधलं पायरसीवरचं कुलूप घडोघडी 'तूच ना रे तो?' अशी खात्री करत बसे, त्यात गेम रखडे. मग अपस्केलिंग चालू करायचं, म्हणजे कॉम्प्युटर चित्र लहानच काढतो आणि उरलेलं अंदाजाने भरून मोठं करून दाखवतो.

पाच कार्डं बिनबोभाट पार पडली. सहावं बसवलं आणि गेम उघडेचना. त्याने हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, तुमची कॉपी आज सहा जणांनी उघडायला घेतलीय, मर्यादा पाचची आहे. आता चोवीस तास थांबावं लागेल."

"अहो बाई, मी एकटाच आहे! फक्त कार्ड बदलतोय."

"सिस्टिमला सहा जण दिसतायत, सर."

शेजारी बसून स्क्रू सांभाळणाऱ्या बायकोने विचारलं, "अरे, गेम विकतच घेतलायस ना?"

"हो, पावतीसकट."

"मग बरोबर आहे. चोरला असतास तर कुणी अडवलं नसतं."

पाचला पाच कमी असताना त्याने तक्त्यातला 'सर्वोत्कृष्ट अपस्केलिंग' हा रकाना भरला:

 

"पायरसीवरचं कुलूप. एका माणसाचे अख्खे सहा करून दाखवतं."