पाळण्याची कडी

कर्रर्र... पाळण्याची कडी वाजली आणि आत्ताच निजलेलं बाळ पुन्हा रडायला लागलं. माझीही डुलकी गेली. कडीला तेल घाला म्हणून महिनाभर मी यांच्या मागं लागलेय. हे मात्र अंगणात जुन्या फियाटमध्ये डोकं घालून! मोठा रेडिएटर बसवून झाला, आता इंजिनात तेल पातळ घालावं की घट्ट, यावर पुंजाराम मिस्त्रींशी खल चालू.

"अहो, दोन थेंब इकडं पण!"

"थांब गं. रविवारी वडीगोद्रीच्या माळावर हौशी लोकांची शर्यत आहे. शर्यतीच्या गाडीला तेल बराबर नको? घासून कशी पळंल ती?"

पाळण्याची दोरी धरून थोरली उमा सगळं ऐकत होती.



"आई, मंग आपल्या पाळण्याची शर्यत कधी आहे?"