मापाच्या रेघा

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. सकाळचे सहा वाजलेत. आज शाळेबरोबर दिवसभर डोंगर चढायचा आहे. तुमची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे आणि तिच्यात फक्त एका बाटलीची जागा उरली आहे. समोर बाटल्या मात्र दोन. एक स्टीलची, जड, पोचा आलेली. दुसरी नवी, निळी, रबरासारखी मऊ. दाबली की चपटी होऊन मुठीत मावते. तुम्ही कोणती घ्याल?

मलकापूरजवळच्या एका गावात सहावीतली काजल हाच विचार करत उभी होती. एका हातात ही, दुसऱ्या हातात ती.

"स्टीलची ने," खाटेवर बसलेली तिची आजी, गोजरबाई म्हणाली. तिच्या तळहातावर सकाळची गोळी होती. "हे बाटली आहे का लोहाराचा भाता वं?"

"सर म्हणाले, वझं कमी ठेवा. आन् रिकामी झाली का हे खिशात बसते, आजी."

"भरल्यावर का पाणी हलकं होते तिच्यातलं?"

काजल हसली. आजीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण निळ्या बाटलीला एक गंमत यायची, ती स्टीलच्या बाटलीला जन्मात जमली नसती. काजलनं पिण्याच्या पाण्याच्या ड्रमचं झाकण काढलं. निळी बाटली मुठीत दाबून चपटी केली, पाण्यात बुडवली आणि मूठ सैल सोडली. बाटली फुगत गेली, गटगट पाणी ओढत गेली. काजलनं ती दाबून पाणी ड्रममध्येच सोडलं आणि पुन्हा ओढू दिलं. मग आजीचा पेला त्याच ड्रममधून भरून तिला दिला आणि बाटलीचं तोंड स्वतःच्या ओठांकडे नेलं.

तिचे बाबा, भागवत, तेवढ्यात टॉवेलनं तोंड पुसत आत आले.

फटका मनगटावर बसला. बाटली भिंतीवर आपटली, पाणी उडालं. भागवतनं मुलीवर आजवर कधी हात उगारला नव्हता. काजल रडायचंसुद्धा विसरली.

"प्यायली का?" भागवतनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. "तोंडात गेलं का काजल? बोल ना!"

"नाही."

"घोटभर बी?"

"नाही बाबा. काय झालं?"

भागवतनं भिंतीपाशी पडलेली बाटली उचलली. "काल फवारणीले नेली होती मी थे बाटली. मापाचं झाकण सापडेना. हिच्यावर रेघा आहेत ना, पन्नासची, शंभरची. आन् घडी करून खिशात मावते, म्हणून..."

"ज्या डब्यावर कवटी आहे, थे औषध?"

भागवतनं होकारार्थी मान हलवली. "तीनदा धुतली वं मी. साबण लावून. तुले सांगतो म्हटलं, अन् राहूनच गेलं."

काजलनं वळून पाहिलं. आजीनं गोळी जिभेवर ठेवली होती. पेला ओठांना टेकत होता.

"आजी!"

ती एवढ्या जोरात ओरडली की गोजरबाईच्या हातून पेला सुटला. गोळीही जमिनीवर पडली.

"मी थे बाटली ड्रममध्ये बुडवली," काजल म्हणाली.

तिघं ड्रमकडे पाहत राहिले. मुलांनो, त्या पाण्याला रंग चढला असता, फेस आला असता, तर बरं झालं असतं. पण पाणी रोजच्यासारखंच होतं. अर्धा ड्रम, नितळ. खालचा तळ दिसत होता.

"नळ आता मंगळवारी येईन," गोजरबाई हळूच म्हणाली. तो दिवस शुक्रवार होता. आणि त्या गावाच्या बोअरचं पाणी इतकं खारट, की चूळ भरली तरी तोंड वाकडं व्हावं.

भागवत ड्रमवर वाकला. त्यानं वास घेतला. पुन्हा घेतला.

"वास तं येऊन नाही राह्यला," तो म्हणाला. तो कोणाशी बोलत होता कोण जाणे. "तीनदा धुतली होती. एवढ्या पाण्यात एखादा थेंब असन, नसन. काही होत नाही."

"मंग माह्या हातावर काऊन मारलं?"

भागवत ड्रमवरून सरळ झाला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "काजल, चाल ना वं! सारे बसले!" प्राची, तिची मैत्रीण, गाडीतून हाका मारत होती.

काजल जमिनीवर बसली. तिनं भिंतीला पाठ टेकवली, दोन्ही पाय ड्रमला लावले आणि ढकललं. ड्रम हलला नाही.

"थांब पोरी," भागवत म्हणाला. "जरासा विचार तं करू दे."

तिनं टाचा पुन्हा रोवल्या आणि दात आवळून सगळा जोर लावला. ड्रम कलला, क्षणभर काठावर तोलून राहिला आणि मोरीकडे धाडकन आडवा झाला. चार दिवसांचं पाणी घरघर आवाज करत निघून गेलं. काजल ओल्या कपड्यांनीच उठली. रिकामी घागर कमरेवर घेऊन ती हॉर्न वाजवणाऱ्या गाडीच्या समोरून गेली आणि तिनं शेजारच्या घराची कडी वाजवली.