तिसऱ्या संध्याकाळचे कपडे

शंकरप्पांनी मोबाइल अंकुशरावांपुढं धरला आणि यात लिहिलेलं सगळं आठ दिवसांत शिवून मिळेल का, असं विचारलं.

मोबाइलवर जहाज कंपनीचं पत्र होतं. मुंबईहून निघणारं मोठं प्रवासी जहाज, चार दिवस समुद्रात, आणि रोज संध्याकाळी काय घालावं याच्या सूचना. पहिल्या संध्याकाळी साधे कपडे चालतील. दुसऱ्या संध्याकाळी पुरुषांनी कोट घालावा. तिसऱ्या संध्याकाळी सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत वरच्या डेकवर जमावं.

अंकुशरावांनी ते दोनदा वाचलं. बसवकल्याणच्या या दुकानात त्यांनी तीस वर्षं नवरदेवांचे कोट शिवले होते. जहाजावर घालायचा कोट पहिलाच.

शंकरप्पा आणि शिवगंगा जुनं गिऱ्हाईक. मंठाळला शेती करत होते तेव्हा घरचे सगळे कपडे इथंच शिवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी कडगंचीला विद्यापीठाजवळ खानावळ टाकली आणि येणं तुटलं. शेवटचे आले होते ते मुलाला, विरुपाक्षला घेऊन. त्याला जहाजावर वाढप्याची नोकरी लागली होती आणि तीन काळ्या पँटी हव्या होत्या.

"विरुपाक्षच्याच बोटीवर जायलाव का?" अंकुशरावांनी विचारलं.

"व्हय. तिकिटं कंपनीनंच धाडली," शंकरप्पा म्हणाले.

कंपनी आईबापाला फुकट फिरवते म्हणजे पोरगं चांगलंच वर चढलं असणार, असं अंकुशरावांच्या मनात आलं. त्यांचा पप्पू हैदराबादला मोबाइलच्या दुकानात सात वर्षं होता तिथंच होता.

माप घेताना शंकरप्पांची कंबर जुन्या वहीतल्यापेक्षा तीन इंच कमी भरली. आतल्या खोलीत अंकुशरावांची बायको सत्यभामाबाई ब्लाउजचं माप घेत होत्या. त्यांनाही टेप दोनदा लावून बघावा लागला. खानावळीचं काम अंगावर दिसतंय, असं त्या म्हणाल्या. शिवगंगानं नुसती मान हलवली.

मग तिनं पिशवीतून लालभडक इरकली साडी काढली आणि तिसऱ्या संध्याकाळचा ब्लाउज हिच्यावर शिवा म्हणाली. अंकुशरावांनी तिला पत्रातली ओळ पुन्हा वाचून दाखवली. त्या दिवशी झाडून सगळे पांढऱ्यात असतील, तुम्ही तेवढ्या वेगळ्या दिसाल, असं समजावलं.

"दिसाया पायजे," शिवगंगा म्हणाली. "त्याला लांबून वळखू यायला पायजे."

सत्यभामाबाई हसल्या. आईला ओळखायला पोराला साडी कशाला लागते, असं म्हणाल्या. शिवगंगानं साडीची घडी नीट केली आणि त्यांच्या हातात दिली.

आठ दिवस अंकुशराव त्या कोटाच्या कामाला बसले. अस्तर चांगल्यातलं लावलं, बटणांची काजं हातानं केली. आणि रोज काम करता करता त्यांचा एक विचार पक्का होत गेला. त्यांनी पप्पूला फोन करून कागदपत्रं मागवली. पप्पू आधी हसला, मग तयार झाला. बऱ्याच दिवसांनी बापलेक अर्धा तास बोलले.

ठरल्या दिवशी दोघं कपडे न्यायला आले. दुपारी कलबुर्गीहून त्यांची गाडी होती. कोट अंगावर बेतल्यासारखा बसला. शंकरप्पांनी मान वर करून आरशात पाहिलंच नाही. बाह्या खाली ओढल्या आणि बरा झाला म्हणाले.

तेव्हा अंकुशरावांनी पाकीट पुढं केलं. आत पप्पूचा फोटो होता, दहावी-बारावीचे कागद होते. विरुपाक्षनं साहेबांच्या कानावर घालावं, पोरगं भांडी घासायलाही तयार आहे, असं त्यांनी सांगितलं.

शंकरप्पांचा हात पुढं आला नाही.

"पप्पू हैदराबादलाच बरा हाय, अंकुशराव," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या त्याला तिथंच."

अंकुशरावांचे कान तापले. तीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाजवळ कधी काही मागितलं नव्हतं. पाकीट त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"आपलं पोरगं लागलं, दुसऱ्याचं लागू नये. आसंच ना, अण्णा?"

सत्यभामाबाई आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. शंकरप्पा कोटाचं बटण लावत होते, काढत होते. बोलली ती शिवगंगा, आणि तीही हळू आवाजात.

"तिसऱ्या सांजंला आमच्यासाठी बोट धा मिनटं थांबवणार हायत, अंकुशराव. गेल्या साली विरुपाक्ष तिथंच पाण्यात पडला. अजून गावला न्हाई."