बाईंची पद्धत

पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवर लेक पोचली, तेव्हा वर्ग सुरूही झाला होता. शिकवणाऱ्या बाई नसताना. त्या बाई म्हणजे हिची आई, आणि आईला जाऊन जेमतेम पंधरवडा उलटला होता.

ती आली होती आईचा गाण्यांचा छोटा स्पीकर न्यायला आणि सगळ्यांचे आभार मानायला. वाटलं होतं, चार माणसं भेटतील, डोळे पुसतील, आपण उभ्याउभ्या निघू. इथे तर सगळी म्हातारी मंडळी ओळीत उभी राहून चिगोंग करत होती. चिगोंग म्हणजे चिनी लोकांचा संथ व्यायाम. श्वासाबरोबर हात वर, श्वासाबरोबर हात खाली, आणि त्याने म्हणे अंगातली शक्ती वाहती राहते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ही माणसं अदृश्य पोती उचलून अदृश्य फळीवर ठेवतायत. लेक आईला तसं चिडवायचीही.

"या, या," पुढे उभे असलेले किल्लीवाले काका हात न थांबवता म्हणाले. "वर्ग बंद पडू द्यायचा नाही असं ठरवलंय आम्ही. बाईंनी जसं शिकवलं, अगदी तसंच करतो."

मागच्या टायपिस्टबाईंना मात्र राहवलं नाही. त्या ओळ सोडून जवळ आल्या. "झालं तरी काय हो असं एकाएकी?"

"काहीच लक्षण नव्हतं," लेक म्हणाली. "चालतीबोलती गेली. चहा ठेवायला म्हणून उठली, तेवढंच."

हे तिला आता पाठ झालं होतं. ती हृदयविकाराच्या वॉर्डात नर्स होती. हिच्याच आईला झटका यावा आणि हिला सुगावाही लागू नये, हे कुणाच्या पचनी पडत नसे. तिच्या स्वतःच्या तर मुळीच नाही. म्हणून ती विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची आणि सांगता सांगता स्वतःची समजूत घालायची.

"त्रास झाला नाही, तेवढं बरं," म्हणत टायपिस्टबाई परत जागेवर गेल्या.

"आता आकाश उचला," काकांनी हुकूम सोडला.

सगळे उजवे हात सरळ डोक्यावर गेले. डावे खांद्याशी येऊन थांबले. मग प्रत्येकाने उजवा तळवा छातीच्या मधोमध दाबून धरला, किंचित पुढे वाकून डोळे मिटले आणि सगळे तसेच उभे राहिले. कुणाला तरी बरं वाटत नाहीये असं समजून लेक सवयीने पुढे धावली आणि मध्येच थबकली. कुणा एकाला धरायला जावं तर सगळी ओळ तशीच उभी होती. काका, टायपिस्टबाई, कोपऱ्यातला जाडा बेकरीवाला. सगळ्यांचे चेहरे मात्र शांत.

वॉर्डाच्या दारात कुणी असं उभं दिसलं, तर ती नाव विचारायच्या आधी चाकांची खुर्ची आणायला पळायची.

"काका, तो डावा हात..."

"इतकाच," काकांनी डोळे उघडले. स्वारी खूश दिसत होती. "वर न्यायचा नाही. नवे लोक तिथेच फसतात. मग तळवा छातीवर, आणि श्वास परत येईपर्यंत थांबायचं. बाईंचे शब्द आहेत हे."

"तुम्ही पहिल्यापासून असंच करायचात?"

"छे! आधी दोन्ही हात पार वर जायचे. थंडी पडायला लागली आणि बाईंनी पद्धत बदलली. या बेकरीवाल्याने टोकलंसुद्धा, की पुस्तकातल्या चित्रात असं नाही. तर म्हणाल्या, ही पुढची पायरी आहे. मग काय, घोटून घेतली आम्ही."

आता उन्हाळा लागला होता. म्हणजे अख्खा हिवाळा आई इथे, सगळ्यांच्या देखत, छाती दाबून उभी राहत होती. आणि लोक तिचं दुखणं मन लावून शिकत होते. लेकीला आधी आईचाच राग आला. घरी एक अक्षर बोलली नाही ती! मग ती कठड्याला टेकली.

"काही चुकतंय का आमचं?" टायपिस्टबाईंनी विचारलं. "तुम्ही दवाखान्यातल्या. असेल तर स्पष्ट सांगा हं."

सगळी ओळ तिच्याकडे पाहत होती, तळवे छातीवर तसेच. सांगायला हवं होतं. पण हा व्यायाम नव्हे, माझ्या आईचं दुखणं आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"नाही," ती म्हणाली. "काही चुकत नाही."

"चुकेल कसं?" काका ओळीकडे वळून म्हणाले. "अहो, मीच एकदा बाईंना म्हटलं होतं, दमताय तुम्ही, चार दिवस विश्रांती घ्या. तर म्हणाल्या, छे, लेकीला करून दाखवलंय मी. ती म्हणाली, छान जमतंय, चालू ठेव."

आईने दाखवलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, "बघ गं जरा, हे असं होतंय," म्हणत. आणि छान जमतंय, असं लेक म्हणालीही होती. ते म्हणताना तिने फोनमधून मान वर केली होती का, तेवढं मात्र तिला काही केल्या आठवेना.